‘अठरा तासां’पलीकडचा विद्यार्थी : डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांतील विद्यापीठीय जीवनाचे चित्रण

प्रस्तावना

मराठी चरित्रवाङ्मयात चरित्रनायकाच्या विद्यार्थिदशेचे प्रकरण बहुधा ठरलेल्या मुक्कामांवरून पुढे सरकते. दारिद्र्य, अपुरा उजेड, एकनिष्ठ अभ्यास, एखाद्या गुरूची शाबासकी आणि शेवटी पदवी, असा तो क्रम असतो. नायकाचे खरे कार्य पुढे सुरू व्हावयाचे असल्याने चरित्रकारालाही या प्रकरणातून लवकर बाहेर पडण्याची घाई असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांत मात्र ही घाई शक्य होत नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयापासून १९२३ मधील लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी. पदवीपर्यंतचा, मध्ये खंड पडलेला, सुमारे दीड दशकांचा काळ विद्यार्थिदशेने व्यापलेला आहे. मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन अशा तीन शहरांत तो पसरला आहे. त्यामुळे विद्यापीठ परिसरातील जगणे आणि शिकणे यांचे मराठीतील सर्वांत तपशीलवार चित्रण या चरित्रांत साठले आहे, असे म्हणता येते. समीक्षेने मात्र या भागाकडे प्रेरणादायी मजकूर म्हणूनच पाहिले. त्याची वाङ्मयीन व वैचारिक तपासणी फारशी झाली नाही.

चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी लिहिलेल्या बहुखंडी चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये, म्हणजे चरित्रनायक हयात असताना, प्रसिद्ध झाला. धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ मध्ये आले आणि पुढे ते मराठीतही वाचकप्रिय झाले. नंतरच्या बहुतेक लहानमोठ्या चरित्रांनी, पाठ्यपुस्तकांतील धड्यांनी आणि व्याख्यानांनी विद्यार्थिदशेचा तपशील या दोन चरित्रांतूनच उचललेला आहे. या तपशिलाभोवती ‘तपश्चर्ये’ची जी चौकट उभी राहिली, ती त्याच तपशिलाशी कितपत जुळते, हा या लेखाचा विचारविषय आहे.

तपाची चौकट

‘दिवसाचे अठरा तास अभ्यास’ ही संख्या आज महाराष्ट्रात म्हणीसारखी रूढ झाली आहे. तिच्यामागे एक जुनी प्रतिमा उभी आहे. एकासनी बसलेला, भूक व झोप जिंकलेला, बाह्य जगाला विसरलेला साधक ही ती प्रतिमा. ज्या समाजाला ज्ञानाचा अधिकारच नाकारला गेला होता, त्या समाजातील वाचकासमोर ही प्रतिमा ठेवण्यात मोठे औचित्य होते. तप हा ज्यांचा मिरासदारी हक्क मानला जाई, त्यांच्या हातून तो शब्दच काढून घेण्याचे काम तिने केले. खैरमोडे यांच्यासारख्या, स्वतः हालअपेष्टा सोसून शिकलेल्या चरित्रकाराला ती जवळची वाटली, यात नवल नाही. प्रतिमेचे हे ऐतिहासिक कार्य मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

तप करणाऱ्याला अरण्य पुरते. त्याला ग्रंथालय, वसतिगृह, खाणावळ, मासिक वेतन, सहाध्यायी, मतभेद ऐकून घेणारा अध्यापक यांपैकी कशाचीही आवश्यकता नसते. म्हणूनच तपाची भाषा वापरली की या साऱ्या गोष्टी चित्रातून आपोआप गळतात. यश हे केवळ इच्छाशक्तीचे फळ ठरते आणि अपयश हा केवळ विद्यार्थ्याचा दोष ठरतो. भाषणांतून तर डॉ. आंबेडकरांची तुलना थेट एकलव्याशीही केली जाते. ही तुलना भावनेच्या दृष्टीने समजण्याजोगी असली तरी वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. एकलव्याला गुरूच्या वर्गात जागा नव्हती. डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात ती मिळाली, आणि ती मिळाल्याने काय घडले हेच त्यांच्या विद्यार्थिदशेतील खरे नाट्य आहे.

डबा, चहा, माठ आणि बेचव जेवण

सुदैवाने चांगला चरित्रकार आपल्या चौकटीपेक्षा आपल्या तपशिलाशी अधिक प्रामाणिक असतो. खैरमोडे आणि कीर दोघांनीही बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवल्या आहेत. त्यांतील खाण्यापिण्याचे प्रसंग एकापुढे एक ठेवून वाचले तर एक वेगळीच संगती दिसू लागते.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधील फळ्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. गणित सोडविण्यासाठी भीमरावाला फळ्याकडे बोलावले जाताच इतर मुले धावली आणि फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे त्यांनी दूर केले. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. म्युलर यांच्यासारखे अध्यापक त्यांना पुस्तके आणि कपडे देत, परंतु तेथील उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा किंवा पाणी देत नसे. पुढे १९१८ मध्ये ते सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तोपर्यंत कोलंबियाची एम.ए. पदवी आणि पीएच.डी.साठी मान्य झालेला प्रबंध त्यांच्या नावावर होता. तरीही अध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. शाळेतला डबा, महाविद्यालयातला चहा आणि अध्यापक कक्षातला माठ या तिन्ही ठिकाणी प्रवेश मिळाला होता. शिक्षणाचे दार उघडले गेले होते. मात्र आत गेल्यावर बसण्या-खाण्यापिण्याच्या जागी ते पुन्हा बंद होत होते.

या तीन प्रसंगांच्या मधोमध न्यूयॉर्क येते. जुलै १९१३ मध्ये तेथे पोहोचल्यावर ते आरंभी विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. तेथील जेवण त्यांना रुचेना, ते नीट शिजवलेले नसे. म्हणून थोड्याच दिवसांत ते ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहावयास गेले, आणि पुढे नवल भथेना या पारशी मित्रासह लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. चरित्रांत ही माहिती दोनचार ओळींत, पत्ता बदलल्याची नोंद म्हणून येते. वाचकही तिच्यावरून पुढे जातो.

वस्तुतः येथे थांबले पाहिजे. उपलब्ध तपशिलात जेवणाविषयीची केवळ चवीची अशी तक्रार येथे प्रथम भेटते. मुंबईत प्रश्न अन्नाच्या चवीचा नव्हताच. स्पर्शाचा होता. पाणी गोड की मचूळ हे ठरविण्याची पाळी येण्यापूर्वीच ते नाकारले जात होते. खाणावळीच्या जेवणाला नावे ठेवणे हा वसतिगृहातील विद्यार्थ्याचा जगभरचा आवडता उद्योग आहे. तो करता येणे, जेवण आवडले नाही म्हणून जागा बदलता येणे आणि नव्या जागी कोणी जात न विचारणे, या अगदी सामान्य गोष्टी आहेत. ज्याला त्या बाविसाव्या वर्षी प्रथम मिळाल्या, त्याच्यासाठी त्या सामान्य नव्हत्या. चरित्रकाराने ‘जेवण रुचेना’ एवढेच नोंदवावे आणि वाचकाने ते गैरसोयींच्या यादीत टाकावे, ही तपाच्या चौकटीचीच किमया आहे. तिला हाल दिसतात, मोकळीक दिसत नाही.

आरंभीच्या काही महिन्यांतील मित्रमंडळी, हिंडणेफिरणे आणि करमणूक यांचे उल्लेखही चरित्रांत आहेत. त्यांची योजना मात्र नंतर झालेल्या कर्तव्याच्या जाणिवेची पार्श्वभूमी म्हणून केलेली आहे. जणू तो काळ वाया गेला आणि नायक वेळीच सावरला! ज्याच्या वाट्याला शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसणे आले, तो तरुण बरोबरीच्या मुलांत विनासायास वावरत आहे, हे शिक्षण नव्हते काय, असा प्रश्न चरित्रकार विचारीत नाहीत. न्यूयॉर्कहून त्या पहिल्या काळातच वडिलांच्या स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रात मुलींच्या शिक्षणाविषयीचा आग्रह आढळतो. मुलाबरोबर मुलीलाही शिकविले तर समाजाची प्रगती अधिक वेगाने होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. हा आग्रह केवळ ग्रंथवाचनातून आलेला नसावा. आजूबाजूला मोकळेपणाने वावरणाऱ्या समाजाकडे पाहण्याला त्या फिरण्यानेच अवसर दिला असणार.

चरित्रनायकाची स्वतःची साक्ष येथे महत्त्वाची ठरते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे आत्मपर टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. त्यात परदेशातील अभ्यासाविषयी जवळजवळ काहीच नाही. बडोद्याच्या प्रसंगाकडे वळताना ते एवढेच नोंदवितात की, युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. १९१७ मध्ये बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ‘आता राहावयाचे कोठे’ या प्रश्नाने ती परत आणली. पुढे पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहणे आणि काठ्या घेतलेल्या जमावाने तेथून बाहेर काढणे हे सर्व येते. (जिवलग मित्र पारशी आणि विश्रामगृहही पारशी, हा विरोधाभास चरित्रकारांनी अधिक उलगडावयास हवा होता. माणूस तोच, समाजही तोच, फक्त परिसर बदलला होता.) त्या टिपणाचा विषय अस्पृश्यतेचे अनुभव हा असल्याने त्यात कोलंबियाला जागाच नाही. ही अनुपस्थिती फार बोलकी आहे. सांगण्यासारखे तेथे काही घडले नाही, आणि ‘काही न घडणे’ हीच त्या परिसराची देणगी होती.

अर्थात या मोकळिकीला सार्वत्रिक समजण्याचे कारण नाही. कोलंबियाला लागूनच असलेल्या हार्लेममध्ये त्याच दशकात दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती. डॉ. आंबेडकरांनंतर आठ वर्षांनी, १९२१ मध्ये, लँगस्टन ह्यूज हा पुढे थोर कवी ठरलेला कृष्णवर्णीय तरुण त्याच हार्टले हॉलमध्ये राखून ठेवलेली आपली खोली मागण्यास गेला, तेव्हा ती देण्यास खळखळ झाली. वर्षभरात त्याने विद्यापीठ सोडले. म्हणजे एकाला ज्या इमारतीत जात विसरता आली, त्याच इमारतीने दुसऱ्याला वर्णाची आठवण करून दिली. मराठी चरित्रांत अमेरिका सरसकट समतेची भूमी म्हणून येते, वर्णभेदाचा हा संदर्भ क्वचितच येतो. स्वतः डॉ. आंबेडकरांना या प्रश्नाचे भान होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी केलेला पत्रव्यवहार त्याची साक्ष देतो.

चर्चासत्रातील मतभेद

अभ्यासाच्या चित्रणातही चरित्रांचा भर ‘किती’ यावर आहे, ‘कसा’ यावर नाही. किती तास, किती ग्रंथ, किती पदव्या हे तपशील मिळतात. न्यूयॉर्कमध्ये खरेदी केलेल्या सुमारे दोन हजार जुन्या ग्रंथांचा उल्लेख आवर्जून केला जातो. कोलंबियातील अभ्यासक्रमांची संख्याही नोंदली गेली आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. या आकड्यांनी वाचक दिपतो. परंतु त्यांतून निघणारा अधिक मोलाचा अर्थ असा की, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला डोळे मिटून एका चाकोरीतून जावे लागत नव्हते. सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक अर्थकारण शिकता शिकता त्याला ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसता येत होते आणि गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात निबंधही वाचता येत होता.

तो निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला गेला. ‘कास्ट्स इन इंडिया’ या नावाने पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. अंतर्विवाह हेच जातीचे मर्म असून, सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा त्या अंतर्विवाहाची बंदिस्ती टिकविण्याची साधने होत, हा त्याचा गाभा. विचारांच्या इतिहासात या निबंधाला असलेले स्थान सर्वमान्य आहे. येथे मात्र तो विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध म्हणून वाचावयाचा आहे. त्यात पंचवीस वर्षांचा विद्यार्थी सेनार, नेस्फील्ड आणि रिस्ले या नामांकितांच्या व्याख्या एकेक करून तपासतो व बाजूला ठेवतो. त्यांच्यासोबत चौथे नाव येते ते श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे.

मराठी वाचकाला हा योग विशेष जिव्हाळ्याचा वाटावा. पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्धी पावलेले केतकर १९०६ ते १९११ या काळात अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक तेथेच १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. आंबेडकर केतकरांच्या खुल्या दृष्टीचा आदराने उल्लेख करतात आणि लगेच त्यांच्या व्याख्येतील दोष दाखवितात. जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी ही केतकरांनी जातीची दोन लक्षणे मानली होती. आंबेडकरांचे म्हणणे असे की, ही दोन लक्षणे नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर विवाहाला बंदी घातली की सदस्यत्व जन्मापुरते मर्यादित होणारच.

विदर्भातून आलेला एक चित्पावन ब्राह्मण आणि कोकणातील मूळ असलेला एक महार असे दोघे मराठी विद्यार्थी जातीविषयी लिहितात. दुसरा पहिल्याची मांडणी खोडून काढतो, आणि त्या खंडनात वैयक्तिक कटुतेचा लवलेश नसतो. हा वाद त्या काळी पुण्यात किंवा मुंबईत, समोरासमोर बसून, याच सुरात होऊ शकला असता काय? एल्फिन्स्टनच्या उपाहारगृहातील चहाची गोष्ट आठवली की उत्तर शोधावे लागत नाही. चर्चासत्राच्या टेबलाने दिलेली समता ही अशी होती. तिथे युक्तिवादाचे वजन होई, बोलणाऱ्याच्या कुळाचे नव्हे. दुर्दैवाने बहुतेक मराठी चरित्रांत हा निबंध पदव्यांच्या माळेतील आणखी एक मणी म्हणून येतो. निबंधवाचनाचा प्रसंग, त्यातील धीटपणा, त्याला वाव देणारी अध्यापनपद्धती यांचे चित्र त्यांत उभे राहत नाही. १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात डॉ. आंबेडकरांनी सांगितले की, आपले आयुष्यातील उत्तम मित्र म्हणजे कोलंबियातील काही सहाध्यायी आणि ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन हे प्राध्यापक होत. अध्यापकांना ‘मित्र’ म्हणणारे हे वाक्य गुरुशिष्यपरंपरेच्या मराठी शब्दकळेत सहजी बसत नाही. कदाचित म्हणूनच ते कमी उद्धृत झाले असावे. ड्यूई यांच्या विचारांशी असलेल्या या नात्यावर अलीकडे स्कॉट स्ट्राउड यांचा २०२३ मधील ग्रंथ इंग्रजीत आला, आणि वर्गात ऐकलेले पुढे कसे रुजले व बदलले याची चर्चा त्यामुळे पुढे सरकली आहे.

लंडन आणि परळ

तपाची चौकट ज्या भागाला खरोखर शोभून दिसते तो भाग लंडनचा आहे. १९२० नंतरच्या या पर्वात भूक आहे. कडक स्वभावाच्या घरमालकिणीकडील सकाळचा पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील बैठक, रात्री उशिरा भूक भागविण्यासाठी पापड, हे तपशील प्रत्येक चरित्रात येतात आणि वाचकाच्या मनात घर करतात. खोलीतील सोबत्याने झोपण्याचा आग्रह करावा आणि यांनी पैसा व वेळ दोन्ही अपुरे असल्याचे सांगावे, हाही प्रसंग तसाच.

यातील पापडाने मात्र चौकटीला तडा जातो. तपस्व्याची भूक त्याने स्वतः पत्करलेली असते. या विद्यार्थ्याची भूक हिशेबातून आलेली होती. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची होती आणि ती कोलंबियासाठी होती. त्यातूनही काही रक्कम घरी पाठवावी लागे. दुसऱ्या खेपेस तीही नव्हती. सिडनेहॅमच्या पगारातून साठविलेले पैसे, भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि छत्रपती शाहू महाराजांचे दीड हजार रुपये एवढ्यावर लंडन गाठलेले होते. न्यूयॉर्कमध्ये सरासरीने बरे खाणारा आणि लंडनमध्ये उपाशी राहणारा विद्यार्थी एकच आहे. त्याची निष्ठा दोन्हीकडे सारखीच आहे. फरक आहे तो शिष्यवृत्तीचा. भुकेने अभ्यास घडविला नाही, भूक असतानाही तो झाला. हा फरक पुसट झाला की हालअपेष्टा हीच पात्रता ठरू लागते.

आणि या हिशेबाची दुसरी पाने परळच्या बी.आय.टी. चाळीत लिहिली जात होती. रमाबाईंनी काढलेले दिवस चरित्रांत ‘त्याग’ या एका शब्दात सामावले जातात. त्या त्यागाचे वर्णन हृदयद्रावक असते, पण लंडनमधील एका ग्रंथासाठी परळमध्ये कशाची काटकसर झाली, हे एकाच परिच्छेदात मांडण्याचे धैर्य चरित्रकारांनी क्वचितच दाखविले. विद्यापीठातील एका जागेची किंमत संपूर्ण कुटुंब मोजते, हे पहिल्या पिढीतील विद्यार्थी ज्यांच्या वर्गात बसतात त्या प्रत्येक अध्यापकाला ठाऊक असते.

अठरा तासांचे अनुकरण

चरित्रातील चौकट ग्रंथातच राहती तर हा प्रश्न केवळ वाङ्मयीन ठरला असता. तसे झालेले नाही. गेल्या काही वर्षांपासून महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत व विद्यापीठांत १४ एप्रिलच्या आगेमागे ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. सकाळी दीपप्रज्वलन वा प्रतिमापूजन होते, विद्यार्थी सभागृहात ओळीने बसतात, मध्यरात्रीच्या सुमारास प्रमाणपत्रे वाटली जातात, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते. उपक्रमामागील भावना निर्मळ आहे. काही विद्यार्थ्यांना तो मनापासून आवडतो आणि एरवी ग्रंथालयात न फिरकणारी मुलेही त्या दिवशी पुस्तक उघडतात, हे नाकारण्याचे कारण नाही.

तथापि हे अनुकरण नेमके कशाचे आहे, हे पाहावयास हवे. ते बसण्याचे आहे, वादाचे नाही. अठरा तासांत कोणी कोणाचा युक्तिवाद खोडून काढीत नाही. शांतता हा तर उपक्रमाचा पहिला नियम असतो. चर्चासत्रात नामांकित विद्वानांच्या व्याख्या तपासणारा विद्यार्थी हा ज्याचा आदर्श, त्याच्या नावाने होणाऱ्या दिवसात प्रश्न विचारण्यासाठी एक तासही राखलेला नसतो. शिवाय ज्या सभागृहात हा उपक्रम होतो, तेथे बसलेल्यांपैकी अनेकांची शिष्यवृत्ती त्या वेळी ‘महाडीबीटी’वर प्रलंबित असते. शैक्षणिक वर्ष संपत आले तरी रक्कम न येणे, खाणावळीचे पैसे थकणे, मग उपस्थिती घसरणे ही साखळी महाविद्यालयीन अध्यापकांना अपरिचित नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पुढच्याच वर्षी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये तत्कालीन औरंगाबादेत, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय निघाले. नागसेनवनात वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहांचाही विचार झाला. आपल्या विद्यार्थिदशेतून त्यांनी स्वतः कोणता निष्कर्ष काढला, हे या संस्थांच्या उभारणीतून स्पष्ट वाचता येते. विद्यार्थ्यांनी जास्त वेळ बसावे, असे त्यांनी म्हटलेच असेल. पण आधी त्यांनी जागा, जेवण आणि ग्रंथ यांची तरतूद केली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी राज्यशासनाने २०१६-१७ पासून सुरू केलेल्या योजनेला त्यांचेच नाव आहे, हे या दृष्टीने उचितच आहे. तिचे हप्ते वेळेवर मिळणे हे अधिक उचित होय.

नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले, त्यालाही आता काही वर्षे झाली. त्यातील प्रश्न मुख्यतः अध्यापन-अध्ययनाभोवती फिरतात : अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, शिक्षक तयारीने येतात काय, इत्यादी. एल्फिन्स्टनमधील विद्यार्थ्याला ही प्रश्नावली दिली असती तर प्रा. म्युलर यांना त्याने पूर्ण गुण दिले असते, आणि उपाहारगृहातील चहाची नोंद कोठेच झाली नसती.

खंड

कोलंबिया आणि लंडन यांमधला १९१७ ते १९२० हा खंड चरित्रांत सामान्यतः विघ्न म्हणून रंगविला जातो. शिष्यवृत्तीची मुदत संपली, संस्थानने परत बोलावले, अभ्यास अर्धवट राहिला. परतीच्या वेळी स्वतंत्रपणे पाठविलेले सामान व ग्रंथ घेऊन येणारी बोट महायुद्धातील पाणतीराने बुडाली. त्या नुकसानभरपाईच्या पैशांतूनच बडोद्याचा प्रवास करावा लागला. इतके नाट्य असताना एका कोरड्या कागदाकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, हे स्वाभाविक आहे. लंडन विद्यापीठाने या विद्यार्थ्याला ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी दिली होती. पैशाअभावी निघून जाणाऱ्या, वसाहतीतून आलेल्या एका विद्यार्थ्याची जागा विद्यापीठाने राखून ठेवली होती. चरित्रांत ही गोष्ट एका वाक्यात येते आणि तिथून पुढची सर्व पाने त्या वाक्यावर उभी आहेत. जुलै १९२० मध्ये, मुदत संपण्यास सव्वा वर्ष असताना, ते लंडनला निघाले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधावर परीक्षकांनी आक्षेप घेतले, तो फेरफार करून पुन्हा सादर करावा लागला आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला.